आकडा कोणता मोजायचा? मिसिसिपीतल्या मतदार नोंदणीचं एक प्रकरण

३१ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या रूलव्हिल गावातून एक जुनी बस निघाली. एरवी ती कापूस वेचणाऱ्या मजुरांना मळ्यांवर नेऊन सोडायची. त्या दिवशी आत अठरा माणसं होती आणि त्यांना २६ मैलांवरच्या इंडियानोलाच्या कोर्टात जायचं होतं, मतदार यादीत नाव घालायला. दारात पोलीस उभे. आत दोघांनाच सोडलं. परीक्षा देऊन मंडळी परत निघाली, तर वाटेत पोलिसांनी बस अडवली, पुन्हा इंडियानोलाला नेली आणि ड्रायव्हरवर खटला भरला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा. शाळेच्या बससारखा, जरा जास्तच पिवळा! बसमधल्या लोकांनी आपापसात पैसे काढून दंड भरला, तेव्हा कुठे घरी जाता आलं.

त्या दिवसाचा अहवाल लिहायचा तर तो एका ओळीत संपतो: नेले अठरा, परीक्षेला बसले दोन, यादीत चढले शून्य.

मतदार जागृतीचं काम करणाऱ्या कुणालाही हा शून्य ओळखीचा वाटेल. आपलं काम फुकट गेलं, असं सांगणारा तो आकडा असतो. मिसिसिपीतल्या स्वयंसेवकांसमोर तो १९६१ पासून चार वर्षं सतत उभा होता, आणि या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी त्या शून्याचं काय केलं हे.

भिंत कशी बांधली होती

१९६० च्या सुमारास मिसिसिपीच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय ४२ टक्के होते. मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी यादीत होते जेमतेम ६.७ टक्के. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १५ व्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारायला १८७० मध्येच बंदी घातली होती. त्यामुळे ‘तू काळा आहेस म्हणून नाही’ असं कागदावर कुणी लिहीत नसे. कागदावर वेगळंच असे.

नोंदणीचा अर्ज २१ प्रश्नांचा. त्यात राज्याच्या घटनेतलं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा. कलमं एकूण २८५, कोणतं द्यायचं ते नोंदणी करणारा क्लार्क ठरवणार. उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार. गोऱ्या अर्जदाराला दोन ओळींचं सोपं कलम आणि कृष्णवर्णीय शिक्षकाला कर आकारणीवरचं किचकट कलम, असं चालायचं. नापास झालेल्याला कुठे चुकलं ते सांगायचं नाही, कारण सांगणं म्हणजे मदत करणं, अशी सोय १९६२ च्या कायद्यांनी करून ठेवली. त्याच वेळी आणखी एक नियम आला: अर्जदाराचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचं. दिसायला ही पारदर्शकता. प्रत्यक्षात मळ्याचा मालक, घरमालक, सावकार या सगळ्यांना घरपोच मिळालेली यादी.

यातूनही कुणी पास झालाच, तर मतदानासाठी वर्षाला दोन डॉलर मतपट्टी भरलेली असली पाहिजे, तीही लागोपाठ दोन वर्षांची.

म्हणजे अडथळा चार पदरी होता: परीक्षा, पैसा, जाहीर नाव आणि त्यामागे बंदूक. बंदूक हे अलंकारिक बोलणं नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये अमाइट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हर्बर्ट ली या शेतकऱ्याला कापसाच्या जिनिंगवर दिवसाढवळ्या गोळी घातली गेली. नोंदणीच्या कामासाठी फिरणाऱ्या स्वयंसेवकाला तो आपल्या गाडीतून गावोगाव न्यायचा. गोळी घालणारा ई. एच. हर्स्ट राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता. स्वसंरक्षणात गोळी झाडली, असा निवाडा होऊन तो सुटला. घटना पाहणाऱ्या लुई अ‍ॅलनचा जानेवारी १९६४ मध्ये खून झाला.

काम कुणी ठरवलं

ही कहाणी बरेचदा ‘उत्तरेकडून आलेल्या शूर विद्यार्थ्यांची’ म्हणून सांगितली जाते. सुरुवात तशी नाही. न्यूयॉर्कमध्ये गणित शिकवणारा बॉब मोझेस १९६० मध्ये पहिल्यांदा मिसिसिपीत आला. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेसाठी माणसं शोधणं, एवढंच त्याचं काम होतं. क्लीव्हलंड गावात त्याला अ‍ॅम्झी मूर भेटले. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले, टपाल खात्यात नोकरी करणारे, स्वतःचा पेट्रोल पंप असलेले. तेव्हा दक्षिणेतले विद्यार्थी उपाहारगृहांत गोऱ्यांच्या टेबलांवर बसून सत्याग्रह करत होते. मूर यांनी सांगितलं, इथे त्याचा उपयोग नाही. इथल्या माणसाकडे हॉटेलात खायला पैसेच नाहीत, त्याला मत हवंय. १९६१ मध्ये मोझेस परत आला तो हा सल्ला घेऊन.

सल्ला साधा दिसतो, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं. बाहेरून आलेल्याने इथे काय करायचं ते इथल्या माणसाने सांगितलं.

ओसरीवरचं काम

घरोघरी जाणं म्हणजे दार ठोठावून पत्रक देणं, असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. डेल्टा म्हणजे मिसिसिपीचा कापूसपट्टा; तिथल्या मळ्यांवर तसं करून उपयोग नव्हता. घर मालकाचं, जमीन मालकाची, दुकानातली उधारी मालकाकडेच. वाट्याने कापूस पिकवणाऱ्या माणसाला मतदार व्हा म्हणणं म्हणजे त्याला बेघर व्हायची जोखीम घे म्हणणं. त्यामुळे लोक सरळ नाही म्हणत नसत. ते मान डोलवत, ‘हो साहेब, येतो’ म्हणत आणि येत नसत. या हो चा अर्थ नाही असा आहे, हे कळायलाच नवख्या स्वयंसेवकाला काही दिवस लागत.

जे टिकले त्यांनी वेगळी पद्धत धरली. शेतमजुरासारखे जाड कापडाचे कपडे घालायचे, गावातच कुणाच्या तरी घरी राहायचं, ओसरीवर बसून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, रविवारी चर्चमध्ये जायचं. अर्जाचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत. मग संध्याकाळी चर्चमध्ये वर्ग: अर्जाची नक्कल करून घेतलेली, घटनेतली कलमं वाचायची, अर्थ लिहायचा सराव करायचा. जिथे पाद्री घाबरला तिथे चर्चही मिळायचं नाही. असे पाद्री कमी नव्हते आणि त्यांना दोष देणं आज सोपं आहे. चर्च जाळली जात होती.

चार्ल्स मॅकलॉरिन हा मिसिसिपीचाच, विशीतला कार्यकर्ता. ऑगस्ट १९६२ मध्ये तीन वृद्ध बायकांना घेऊन तो इंडियानोलाच्या कोर्टात गेला. धीर द्यायला म्हणून सोबत गेलेला हा तरुण गाडीत स्वतःच भेदरला होता. बायका उतरल्या आणि ताठ मानेने चालू लागल्या. आपण त्या दिवशी मोठे झालो, असं त्याने नंतर लिहून ठेवलं. स्वयंसेवक लोकांना जागं करतो, हे गृहीतक मी तरी ते वाचल्यापासून जपून वापरतो.

फॅनी लू हेमर त्या पिवळ्या बसमध्ये होत्या. वय ४४, वीस भावंडांतलं शेंडेफळ, मळ्यावर हजेरी मांडणाऱ्या. कृष्णवर्णीयांना मत देता येतं हेच त्यांनी त्या महिन्यात चर्चमधल्या सभेत पहिल्यांदा ऐकलं. कोण येणार म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. परीक्षेत त्यांच्या वाट्याला घटनेचं १६ वं कलम आलं. घोड्याला नाताळाबद्दल जेवढं कळतं तेवढंच आपल्याला त्या कायद्याबद्दल कळत होतं, असं त्या पुढे हसत सांगत. त्या घरी पोचायच्या आधीच बातमी मळ्यावर पोचली होती. अर्ज मागे घे नाहीतर चालती हो, असं मालकाने बजावलं. त्यांचं उत्तर: ‘मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते. मी माझ्यासाठी गेले होते.’ अठरा वर्षं राहिलेलं घर त्याच रात्री सुटलं. दहा दिवसांनी, त्या जिथे आसऱ्याला होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. पण त्या वर्षी मत देता आलं नाही. मतपट्टीच्या दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या!

शिधा

शेजारच्या लेफ्लोर काउंटीत, ग्रीनवुड भागात, सॅम ब्लॉक १९६२ च्या उन्हाळ्यापासून नोंदणीचं काम करत होता. त्या शरद ऋतूत काउंटीच्या कारभाऱ्यांनी केंद्र सरकारकडून येणाऱ्या धान्याचं वाटप थांबवलं. कापसाचा हंगाम संपला की हजारो कुटुंबांचा हिवाळा त्याच धान्यावर निघायचा. नोंदणीच्या हट्टाची ही शिक्षा आहे, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

स्निकने देशभरातून अन्न आणि कपडे गोळा करायला सुरुवात केली. विनोदी कलाकार डिक ग्रेगरी यांनी फेब्रुवारी १९६३ मध्ये विमान भाड्याने घेऊन १४ हजार पौंड, म्हणजे सहा टनांहून जास्त अन्न पाठवलं. शिधा घ्यायला रांगा लागल्या, आणि मग कोर्टाबाहेरही रांगा लागल्या. पोटाचा आणि मताचा संबंध महिनोन्‌महिन्यांच्या भाषणांनी पटला नव्हता, तो धान्य बंद करणाऱ्यांनी एका ठरावात पटवून दिला.

इथे मला जरा अडखळायला होतं. शिधा वाटताना नोंदणीचा विषय निघायचाच. भुकेल्या माणसासमोर पिठाची गोणी ठेवून ‘कोर्टात जाऊन आलास का?’ विचारणं कितपत योग्य? कोणत्याही उमेदवारासाठी मत मागितलं जात नव्हतं, त्यामुळे ही लाच नव्हे. पण दबाव नव्हता असंही म्हणवत नाही. स्वयंसेवकांच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की दबाव त्यांनी सुरू केला नव्हता.

हिंसाही वाढली. २८ फेब्रुवारी १९६३ च्या रात्री ग्रीनवुडजवळ गाडीवर गोळीबार झाला आणि जिमी ट्रॅव्हिस हा कार्यकर्ता मानेत गोळी लागून थोडक्यात वाचला.

पैसे देणाऱ्याचा हिशेब

या कामाला पैसा येत होता तो ‘व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट’कडून. देणगीदार संस्थांच्या मदतीवर १९६२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सगळ्या दक्षिणेत मतदार नोंदणीला निधी देत असे आणि किती नवे मतदार झाले ते मोजत असे. इतर राज्यांत आकडे लाखांत गेले. मिसिसिपीत दोन वर्षांत चार हजारांच्या आत राहिले. १९६३ सरता सरता प्रकल्पाने मिसिसिपीतला निधी बंद केला.

त्यांना खलनायक करायचं कारण नाही. केंद्र सरकार स्वयंसेवकांना संरक्षण देत नाही तोवर इथे घातलेला पैसा वाया जातो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. पैसा मर्यादित, दुसरीकडे त्याच पैशात कितीतरी पट मतदार होतात. हिशेब चोख होता. मोजमाप मात्र अशा गोष्टीचं चाललं होतं, जिची किल्ली स्वयंसेवकाकडे नव्हतीच. नाव चढवायचं की नाही हे क्लार्क ठरवत होता. म्हणजे ‘नोंदवलेले मतदार’ हा आकडा स्वयंसेवकांची कामगिरी सांगत नव्हता, क्लार्कची सांगत होता.

खोटं मतदान, खरी मोजणी

मोझेस आणि त्याच्या सहकाऱ्यांना हे त्याआधीच उमगलं असावं. कारण निधी आटत असतानाच त्यांनी दुसरा आकडा तयार करायला घेतला होता. लोकांना मतच नको आहे, ते उदासीन आहेत, असं राज्यातले गोरे नेते म्हणत. हे खोडायचं तर क्लार्कला वगळून मोजायला हवं होतं.

ऑगस्ट १९६३ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एक प्रयोग झाला. आपल्याला बेकायदा वगळलं आहे असं प्रतिज्ञापत्र देणाऱ्याला मत टाकू देणारा एक जुना कायदा राज्याच्या पुस्तकात होता. शेकडो कृष्णवर्णीय त्याच्या आधाराने केंद्रांवर गेले. मतं मोजली गेली नाहीत. मग नोव्हेंबरमध्ये, गव्हर्नरच्या खऱ्या निवडणुकीच्या वेळीच, समांतर मतदान ठेवलं: ‘फ्रीडम व्होट’. गव्हर्नरपदासाठी क्लार्क्सडेलचे औषध दुकानदार आरन हेन्री, लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी टूगलू कॉलेजचे गोरे पाद्री एड किंग. अर्जाची परीक्षा नाही, मतपट्टी नाही. मतपेट्या चर्चमध्ये, किराणा दुकानात, न्हाव्याच्या दुकानात, ब्यूटी पार्लरमध्ये. जिथे पेटी ठेवणं धोक्याचं होतं तिथून मतपत्रिका टपालाने.

८० हजारांहून जास्त मतं पडली.

कायद्याच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्यच होती. पण उदासीनतेची गोष्ट तिथे मोडली. आणि दुसरंही घडलं, जे मला तितकंच मोलाचं वाटतं. ज्या माणसाने आयुष्यात मतपत्रिका हातात घेतली नव्हती, त्याने ती घेतली, घडी घातली, पेटीत टाकली. घाबरत घाबरत का होईना, एकदा हात त्या कृतीला सरावला.

पाहुणे

फ्रीडम व्होटच्या मदतीला येल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतले काही गोरे विद्यार्थी आले होते आणि त्यांच्या मागोमाग वार्ताहर आणि एफबीआयचे लोक दिसू लागले. यावरून पुढच्या उन्हाळ्यात शेकड्यांनी विद्यार्थी आणायची कल्पना निघाली. नोव्हेंबरमध्ये ग्रीनव्हिलच्या बैठकीत त्यावर कडाक्याचं भांडण झालं. स्थानिक कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांचा आक्षेप होता: ही शिकलेली पोरं येतील, टाइप करतील, भाषणं करतील, कार्यालय ताब्यात घेतील आणि दोन वर्षांत कष्टाने उभी राहिलेली इथली माणसं पुन्हा मागे सरतील. हेमर आणि इतर गावकरी मात्र विद्यार्थ्यांना येऊ द्या म्हणाले. भेद मोडायला निघालोय तर आपणच भेद कसा करायचा? शिवाय ज्यांच्या घरांवर गोळ्या येत होत्या त्यांना जगाचं लक्ष हवं होतं.

दोन्ही बाजूंचं खरं ठरलं. १९६४ च्या ‘फ्रीडम समर’मध्ये सुमारे हजार स्वयंसेवक आले. ओहायोत प्रशिक्षण झालं, येताना प्रत्येकाने जामिनासाठी ५०० डॉलर जवळ ठेवायचे होते. एवढी रक्कम ज्याच्याकडे आहे तोच येणार, म्हणजे कोण येणार हेही त्यातच ठरलं. २१ जूनला जाळलेल्या चर्चची पाहणी करून परतताना जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर बेपत्ता झाले. ४ ऑगस्टला मातीच्या धरणाखाली त्यांची प्रेतं सापडली. चेनी मिसिसिपीचा, कृष्णवर्णीय; इतर दोघे न्यूयॉर्कचे, गोरे. देश हादरला तो कुणामुळे, हे हर्बर्ट लीच्या गावात वेगळं सांगावं लागलं नसेल.

त्या उन्हाळ्यात सुमारे १७ हजार कृष्णवर्णीय नोंदणीसाठी कोर्टांत गेले. अर्ज मंजूर झाले सुमारे १,६००.

जुन्या मोजपट्टीने हे अपयशच. पण आता १७ हजार हा आकडाही सांगितला जात होता. प्रतिज्ञापत्रं, तारखा, कोण कुठल्या कोर्टात गेला, काय उत्तर मिळालं, अशा नोंदींतून नकार पुरावा म्हणून साठत गेला. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, राज्याच्या गोऱ्या प्रतिनिधींच्या जागी आपल्याला बसवा अशी मागणी घेऊन चळवळीचे प्रतिनिधी गेले. तिथे हेमर यांनी पिवळ्या बसची आणि तुरुंगात आपल्याला झालेल्या मारहाणीची हकिगत टीव्हीसमोर सांगितली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मध्येच पत्रकार परिषद बोलावून प्रक्षेपण तोडलं. वाहिन्यांनी त्या रात्री ती साक्ष पुन्हा दाखवली. तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा चळवळीच्या प्रतिनिधींनी नाकारल्या.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर सही झाली. निर्णायक धक्का त्या वर्षीच्या, अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या मोर्चाने दिला, हे मान्यच. पण कायद्यात काय हवं, हे मिसिसिपीच्या नकारांनी आधीच दाखवलं होतं: परीक्षा स्थगित, आणि क्लार्क अडवत असेल तर केंद्राचा अधिकारी येऊन नोंदणी करणार. असे अधिकारी पहिल्यांदा ज्या काउंट्यांत गेले त्यांत लेफ्लोर होती. १९६७ पर्यंत राज्यातली कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ वरून जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली. ज्यांना तीन वर्षं ओसरीवर बसून समजावलं होतं, तीच माणसं.

नोंदणीनंतर

मे १९६७ मध्ये हेमर यांच्याच काउंटीतल्या सनफ्लॉवर या छोट्या गावात न्यायालयाच्या आदेशाने फेरनिवडणूक झाली. यादीत कृष्णवर्णीय मतदार जास्त होते. तरीही त्यांचे उमेदवार हरले. मळ्याची भीती यादीत नाव आल्याने गेली नव्हती.

त्याच वर्षी होम्स काउंटीतून रॉबर्ट क्लार्क राज्याच्या विधिमंडळात निवडून आले, एकोणिसाव्या शतकानंतरचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. होम्सचा फरक जमिनीत होता. १९४० च्या आसपास सरकारच्या योजनेतून माइल्स्टनच्या काही वाटेकऱ्यांना स्वतःची शेतं मिळाली होती. एप्रिल १९६३ मध्ये लेक्सिंग्टनच्या कोर्टात एकत्र चालत गेले ते हेच शेतकरी, कारण त्यांना घराबाहेर काढणारा मालक नव्हता. बाहेरून कुणी यायच्या आधी त्यांनी स्वतःच ग्रीनवुडला जाऊन स्वयंसेवकांना बोलावून आणलं होतं.

रॉबर्ट क्लार्क आठ वर्षं त्या सभागृहातले एकटेच कृष्णवर्णीय होते. तिथली बाकं दोघांची असत. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही.